तुळोबाला कोण वाढणार

९ जानेवारी, शुक्रवार

पाच भाकऱ्या! तांदळाच्या, माझ्या हाताच्या, ताटाएवढ्या. वर दोन वाट्या वालाचं बिरडं आणि भात वेगळाच. एवढं गिळून त्या माणसाचा हात पुन्हा तसाच. पाची बोटांची टोकं जुळवायची आणि छातीपुढे हलवायची. म्हणजे घास दाखवायचा. मी वाढलं. त्याने डोळे मोठे केले आणि पुन्हा घास दाखवला. मी पुन्हा वाढलं. तोंडाने आपलं चालू, "केकोझा, केकोझा." त्याच्या भाषेत 'आणखी' असणार. माझ्या दारातून माणूस उपाशी गेला असं म्हणायची कुणाला जागा ठेवणार नाही मी, पण खाण्याला काही धरबंद?

सासूबाई पडवीतून बघत होत्या. म्हणाल्या, "जिजे, ह्याला पोट हाय का भाताची कणगी?"

खोपोलीच्या डॉक्टरने सांगितलंय, बीपी वाढलंय, ओरडू नका, राग आला की वहीत लिहा. वही आमच्या लेकीच्या, सुरभीच्या कॉलेजची आहे, मागची अर्धी कोरी होती. चौथीनंतर आज लिहितेय. माझं अक्षर बघून माझंच बीपी वाढलं.

हा माणूस कोण ते लिहून ठेवते. नाव तुल्लियो. सासूबाई तुळोबा म्हणतात. इटली देशाचा, वय चौऱ्याहत्तर. तिकडे सिनेमात लोकांना हसवायचं काम करायचा. निशिगंधा म्याडम म्हणून मुंबईची एक बाई आमच्या पोशीरमध्ये सिनेमा काढतेय. गोष्ट अशी, की एक परदेशी म्हातारा चुकून भलत्याच गावात उतरतो आणि एका कडक बाईच्या घरी राहतो. तुळोबा म्हणाला, आधी खऱ्या घरात राहून बघतो. आमची मागची खोली रिकामी आणि संडास घरात, म्हणून तो सोमवारपासून आमच्या गळ्यात.

हसवणारा म्हणे. पाच दिवस झाले, कुणाचा दात दिसला नाही.

११ जानेवारी

आज तो ओट्यावर पडला. हातात पाण्याचा तांब्या, पाय पायरीवर, आणि असा काही गेला की तांब्या वर, पाय वर, चप्पल शेवग्यावर. मी हातातलं टाकून धावले. शेजारची जनी धावली. तेवढ्यात हा उठून उभा. कमरेत वाकून नमस्कार करतो. तांब्यात पाणी तसंच!

कुणी हसलं नाही. हसणार कसं? चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस दगडी पायरीवर पडतो, ही काय हसायची गोष्ट आहे? मी चांगलंच झापलं. "हाडं मोडायची हौस आली का? तुझ्या देशात मोडायची! माझ्या ओट्यावर मेलास तर पोलीस मला धरतील!" त्याला शब्द कळला नसेल एक, पण टक लावून ऐकत होता. मी थांबले तर हाताने खूण केली, चालू दे, चालू दे.

बाकीच्यांकडे बघून मात्र त्याचं तोंड उतरलं. मग खोलीत जाऊन बसला. हळद गरम करून नेली तर गुडघा दाखवेना. गुडघ्याला काही झालंच नव्हतं. मग तोंड कशाला एवढंसं?

१२ जानेवारी

आज सगळा उलगडा झाला आणि मला जमिनीत जावंसं वाटलं.

निशिगंधा म्याडम आली आणि त्याच्या मोबाइलमध्ये काहीतरी घालून दिलं. तो आपल्या भाषेत बोलतो आणि मोबाइल मराठी बोलतो. मराठी कसलं, तहसीलदार कचेरीतला कागद वाचल्यासारखं. तुळोबा बराच वेळ मोबाइलशी बोलला. मोबाइल म्हणाला,

"आदरणीय महिले, माझे उदर परिपूर्ण आहे. मी नम्रपणे विचारतो की हा पदार्थ कोणता आहे, आणि आपण मला आणखी देता. माझा मृत्यू व्हावा अशी आपली इच्छा आहे काय?"

त्या हाताचा अर्थ घास नाहीच. त्यांच्याकडे तसा हात केला की 'हे काय?', 'काय चाललंय?' असं होतं. आणि केकोझा म्हणजे 'काय'! सात दिवस तो बिचारा विचारतोय, हे काय, हे काय, आणि मी वाढतेय. त्याच्या आईने शिकवलेलं, ताटात टाकायचं नाही. म्हणून गिळत होता.

मी म्हटलं, "मंग तोंड नव्हतं का सांगायला? हात आडवा धरायचा ताटावर, लहान पोराला कळतं!" आणि मी दाखवला कसा धरायचा. त्याने विचारलं, हे काय? म्हणजे पुन्हा तोच हात. आणि माझा हात आपोआप टोपलीकडे गेला. भाकरी त्याच्या ताटात.

जनी हसायला लागली. सासूबाई खाली बसल्या हसत. म्याडमच्या डोळ्यांतून पाणी. मीच तेवढी हसत नव्हते, मला काही कळेना. आणि तो म्हातारा भाकरीकडे बघतच नव्हता. एकेकीच्या तोंडाकडे बघत होता, हरवलेली गाय गोठ्यात दिसावी तसा.

१५ जानेवारी

काल संक्रांत. तुळोबाने तिळगूळ घेतला आणि आपणहून ताटावर हात आडवा धरला. शिकला.

आज दुपारी पडवीत वाल सोलत बसलो. तोही बसला सोलायला. बोटं चपळ आहेत. मी विचारलं, कामधंद्याला कसा लागलास? मोबाइल मध्ये ठेवला. मोबाइल म्हणाला, "मी एक्क्याण्णव चित्रपटांमध्ये पतन पावलो."

सासूबाई म्हणाल्या, "पतन पावला म्हंजे मेला का गं?"

"नाय ओ आई, पडला. आपल्या ओट्यावर पडला तसा."

सोळाव्या वर्षी समुद्रकाठच्या हॉटेलात वाढप्या होता. एकदा ताटांची चळत घेऊन पाय अडखळला, सगळी ताटं फुटली, एक राहिलं, ते त्याने असं धरलं की जणू तेवढंच आणायचं होतं. त्या टेबलावर सिनेमावाले बसलेले. हसले आणि म्हणाले, पुन्हा कर. त्याने नऊ वेळा केलं. दुसऱ्या दिवशी हॉटेलातली नोकरी गेली आणि तिसऱ्या दिवशी सिनेमातली लागली.

मग कधी वाढपी, कधी देवळातला पाद्री, कधी बायकोला भिणारा नवरा. गोष्ट कुठलीही असो, हा पडायचा किंवा थोबाडीत खायचा. तीन हजार थोबाडीत खाल्ल्यात म्हणाला, अभिमानाने, जसा कुणी गुंठे सांगतो. त्याचा पहिला सिनेमा गावच्या थेटरात लागला तेव्हा त्याची आई पुढे बसलेली. कपडे धुवायची ती लोकांचे. पडद्यावर मालकाने पोराच्या मुस्काटीत दिली, लोक हसले, तर ती उठली आणि पायातलं काढून पडद्यावर मारलं.

"बरोबर केलान," सासूबाई म्हणाल्या.

मग जग बदललं. मोबाइल म्हणाला, "जनतेला पतन पावणारे नकोसे झाले, भाषण करणारे हवेसे झाले." बिस्किटांच्या जाहिरातीत उभा राहिला. मग बायको गेली. गेली अकरा वर्षं एक सिनेमा नाही. हा पहिलाच.

हात रिकामा राहिलेला माणूस कसा होतो ते मला माहीत आहे. आमच्या ह्यांची कुंभिवलीची कंपनी सहा महिने बंद होती. दिवसातून तीनदा अंगण झाडायचे.

१६ जानेवारी

वाल. आणखी वाल. कंबर गेली.

२० जानेवारी

म्याडम आली ती रडकुंडीला. सिनेमातल्या कडक बाईचं काम करणारी नटी येत नाही, तिला मालिका मिळाली. आणि म्हणते, "जिजाताई, तुम्ही कराल का?"

मी म्हटलं, "काय?"

"ती बाई. घरमालकीण."

"माझी ऱ्हायलीय का आता सोंगं आणायची वर्षं? सत्तेचाळीस चालू हाय मला. आणि मला पाठ व्हायचं नाय काय."

"पाठ करायचं नाहीये. तुम्ही जशा बोलता तसंच."

जशी बोलते तशी म्हणजे कशी? मी काय विनोदी बोलते? मी सरळ बोलते. लोकांना सरळ ऐकायची सवय नाही.

नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी हे कंपनीतून आले तेव्हा यांनाही सांगितलं, असं असं म्हणत होती. यांनी पाय धुतले, चहा घेतला, आणि म्हणाले, "मग?"

"मग काय? नाय म्हनलं."

"बरं."

बरं म्हणजे काय? नको करूस म्हणायचं, नाहीतर कर म्हणायचं. बावीस वर्षं मी या बरंशी भांडतेय.

झोप नाही. नाही म्हटल्यावर संपायला पाहिजे ना?

२१ जानेवारी

हो म्हटलं. का ते विचारू नये कुणी. वालाचं काम झालंय, वेळ आहे, म्हणून.

२२ जानेवारी

होणार नाही माझ्याने.

गोष्टीत असं आहे, की म्हातारा एकसारखा हात करतो आणि ती बाई चिडून त्याच्या थोबाडीत मारते. म्याडम म्हणते, सिनेमातली सगळ्यात मोठी हसायची जागा ती. तुळोबाने शिकवलं कसं मारायचं. मारणाऱ्याचा हात गालाजवळून नुसता जातो. आवाज मार खाणाराच करतो, खाली आपल्याच तळव्यांनी, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा. त्याने करून दाखवलं तर खरंच वाटलं, कोंबड्या पळाल्या. लागत काहीच नाही.

सगळं कळलं. पण माझा हात वर गेला आणि तिथेच राहिला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. म्याडम म्हणाली, काय होतंय? मला काय माहीत काय होतंय! पाहुणा आहे, म्हातारा आहे, आणि ऐन तोंडावर मारायचं?

उगाच एक आठवलं. चौथीत आमचे मास्तर तपकीर ओढायचे आणि शिंक आली की 'श' म्हणायचा तिथे 'स' म्हणायचे. एकदा मास्तर बाहेर गेले तेव्हा मी खुर्चीवर बसून त्यांची शिंक काढली. सगळा वर्ग लोळला. बाकांवर डोकी आपटत होते हसून. मास्तर दारात उभे. माझ्या कानाखाली अशी वाजली की तीन दिवस कानात पाणी असल्यासारखं. त्यानंतर मी शाळेत गेले नाही, आणि कुणी जा म्हटलंही नाही. याचा इथे काही संबंध नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

तुळोबाने माझा वर राहिलेला हात हळूच धरून खाली ठेवला. 

२४ जानेवारी

सकाळी मी म्याडमला म्हटलं, "मी मारनार नाय. पण ही बाई मारंलच कशाला? त्याने हात केला की वाढंल. तो पुन्हा करंल, ही पुन्हा वाढंल. चिडंल, शिव्या घालंल, पण वाढंल. आमच्याकडं चिडलेली बाई वाढतेच. मारनारी बाई येगळी."

म्याडम म्हणाली, लिहिणाऱ्याने थोबाडीत लिहिलंय. तुळोबाने विचारलं काय चाललंय (तोच हात), मोबाइलने त्याला सांगितलं. तो उठला आणि म्याडमसमोर उभा राहिला. मोबाइल म्हणाला, "मी तीन हजार वेळा मार खाल्ला आहे. मला अद्याप कोणीही भाकरीने मारलेले नाही. कृपया."

मग कॅमेरा लावून करून बघितलं. आमच्याच स्वयंपाकघरात. तुळोबाने आधी मला एकच सांगितलं: "आपण हसवू नका. आपण केवळ क्रोधित व्हा. हसवण्याची व्यवस्था मी करतो."

मी क्रोधित झाले. त्याला फार कष्ट पडले नाहीत. पहिली भाकरी चांगल्या मनाने वाढली. दुसरी बरी. तिसरीला मी म्हटलं, "खा, तुझ्या गावाला तांदूळ पिकत नाय वाटतं!" चौथीला म्हटलं, "रेशनकार्डावर नाव घालू का आता?" पाचवीला मला खरंच राग आला, पीठ संपत आलेलं, मी भाकरी तव्यावरून काढली ती सरळ त्याच्या त्या जुळवलेल्या बोटांवर ठेवली, खुंटीवर टोपी ठेवतात तशी. आणि तो हलला नाही. भाकरी बोटांवर घेऊन माझ्याकडे बघत राहिला, डोळे भरलेले, बोटं भाजत असणार, आणि हळूच खालून एक तुकडा तोडून तोंडात घातला.

कॅमेरावाल्याचे खांदे हलत होते. आवाज पकडणारा बाहेर पळाला. आणि दारामागून कुणीतरी मोठ्याने हसलं. मी बघितलं तर हे. रजा टाकून आलेले, मला न सांगता. इतकं हसत होते की चौकटीला धरून उभे होते.

मी म्हटलं, "तुमाला काय झालं?"

"काय नाय," हे म्हणाले. "मी घरी बावीस वर्षं फुकट बघतोय. आज कळलं तिकीट लावायचं असतं."

एवढं मोठं वाक्य यांच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

२९ जानेवारी

म्याडमने तो तुकडा मुंबईला पैसे घालणाऱ्यांना पाठवला. त्यांचं म्हणणं, बाई बरी आहे पण ओळखीचा चेहरा पाहिजे. आणि थोबाडीत का काढली? म्याडम म्हणाली, "मी भांडतेय ताई. कळवते."

कळवते! हा शब्द मला ऐकवू नये कुणी. सुरभीला बघायला तीन स्थळं आली. पोहे खाल्ले, चहा प्याले, मुलगी छान म्हणाले, कळवतो म्हणाले. एकानेही कळवलं नाही. नाही म्हणायला जीभ जड होते म्हणून माणसं कळवतो म्हणतात, आणि इकडे आपण फोन वाजला की पदराला हात पुसत धावतो. शेवटी सुरभीनेच सांगितलं, आई, आता पोहे करू नकोस. पुण्याला नोकरी धरली तिने.

तुळोबाला मोबाइलमधून सांगितलं. तो कडू हसला. त्यांच्या सिनेमातही हेच. काम मागायला गेलं, करून दाखवलं, की समोरचा म्हणतो, "ले फारेमो सापेरे." मी विचारलं, म्हणजे? मोबाइल म्हणाला, "आम्ही आपणास कळवू."

अकरा वर्षं तो तेच ऐकतोय. त्याचा फोन रात्री उशाशी असतो ते मला वाटलं घड्याळासाठी.

त्याचं परतीचं विमान आठ तारखेला, रविवारी आहे. निर्णय झाला तर तिकीट पुढे जाईल, नाही झाला तर तो जाईल आणि सिनेमा बारगळेल, नाहीतर दुसरा म्हातारा आणतील.

१ फेब्रुवारी

काही नाही. तुळोबाने तिसऱ्यांदा अंगण झाडलं. मी खराटा काढून घेतला.

मी यांना म्हटलं, "मला नाय वाटत व्हायचं." हे म्हणाले, "तुला करायचंय का?" मी म्हटलं, माझ्या करायच्याला कोण विचारतो. हे म्हणाले, "मी इचारतोय."

मी भांडी घासायला उठले. इथे लिहिते. करायचंय. मला करायचंय. आयुष्यात लग्न केलं ते घरच्यांनी ठरवलं, शाळा सोडली ती मास्तरने सोडवली, वाल लावते ते सासरे लावायचे म्हणून. हे मला करायचंय. ती सगळी हसत होती तेव्हा माझ्या अंगात काय झालं ते मला लिहिता येत नाही. राग होता, आणि राग कुणाला लागत नव्हता.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज गेले खोपोलीच्या शिळफाट्याला, नेरळ, कर्जत, खोपोली करत, तीन गाड्या बदलून. म्याडमने तिथे खोली घेतलीय, सिनेमाचं ऑफिस. तुळोबाही आला, इस्त्रीचा शर्ट घालून.

म्याडम चांगली आहे, खोटं का बोलू. डोळे सुजलेले, समोर तीन फोन. म्हणाली, "ताई, तो सीन मी रोज बघते. माझ्या मनात तुम्हीच आहात. पण ते लोक उत्तरच देत नाहीत. मी त्यांना दुखवू शकत नाही."

"मंग मला दुखवा की. नाय म्हणा."

"नाही कसं म्हणू? मला हवंय ते."

"मंग हो म्हणा."

"तेही माझ्या एकटीच्या हातात नाही. दोन दिवसांत कळ..." आणि तिने माझ्याकडे बघितलं आणि शब्द गिळला.

मी म्हटलं, "तुमी त्यांना तारीख दिली का कधी?"

तिने नाही म्हणून मान हलवली. तारीख दिलीच नव्हती. शिकलेली, इंग्रजी बोलणारी बाई, आणि समोरच्याला तारीख द्यायला घाबरते. मी दूधवाल्याला देते, गवंड्याला देते. तारीख दिल्याशिवाय कुणी हलतं का?

तुळोबा मध्ये बोलला. मोबाइल म्हणाला, "निशिगंधा, मी कोणाही सोबत काम करीन, मला कामाची निकड आहे. परंतु सत्य सांगतो. माझ्यासोबत अनेक जण पडले. ही प्रथम व्यक्ती आहे जिच्यासमोर मला पडावे लागले नाही."

म्याडम म्हणाली, "ताई, तुम्हीच लिहून द्या. मी तुमची चिठ्ठी जशीच्या तशी त्यांना पाठवते."

तर आता लिहिलीय. सासूबाईंना वाचून दाखवली. म्हणाल्या, "शेवटी नमस्कार घाल, माणसं मोठी हायती." घातला नाही, सुरुवातीला घातलाय. उद्या सकाळी हे नेतील. मी नेऊ का म्हटलं तर हे म्हणाले, "कुंभिवलीला जाताना शिळफाटा वाटेतच हाय. मी देतो. आणि हातात देतो, दारात ठेवनार नाय."

चिठ्ठीची नक्कल इथे ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मी असं लिहिलं नव्हतं.

पैसे घालणाऱ्या साहेबांना पोशीरच्या जिजाबाईचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही हे खरं आहे. सिनेमा लागल्यावर ओळखाल. त्याच्याआधी ओळखीची बाई कुणीच नसते, जी आहे तिलाही कुणीतरी पहिल्यांदा घेतलंच असेल.

मी थोबाडीत मारणार नाही. भाकरी वाढेन. त्याच्याने लोक हसतात की नाही ते तुमच्या घरच्या बायकांना दाखवा आणि त्यांना विचारा, एकमेकांना विचारू नका.

तुल्लियो बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी तुमच्यासमोर करून दाखवलंय. मीही दाखवलंय. आता दाखवायचं काही राहिलेलं नाही, सांगायचं तुमच्याकडे राहिलंय. त्यांचं विमान रविवारी आहे. त्यांना सामान बांधायला एक दिवस लागतो आणि मला ते सोडायला लावायला एक दिवस लागतो.

म्हणून शुक्रवार सहा तारीख, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. हो असेल तर हो लिहा. नाही असेल तर नाही लिहा, मी रडत बसणार नाही. तिसरा शब्द चालणार नाही. उत्तर म्याडमकडे नको, मला द्या. माझा नंबर खाली आहे, आणि शुक्रवारी दिवसभर फोन माझ्या हातात असेल.